ताप, खोकला, दम: पेशंट ऑब्झर्वेशनला ठेवायचा तर नेमकं काय करायचं

पुण्यात तापाचे साधारण दोन सीझन येतात, एक जानेवारी ते मार्च आणि दुसरा पावसाळ्यातला जुलै ते सप्टेंबर, आणि या दिवसांत कुठल्याही हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत संध्याकाळी गेलात तर बाकांवर ताप, खोकला, दम हेच बसलेलं दिसतं. त्यातले बरेच जण औषधं घेऊन घरी जातात, थोडे थेट आयसीयूत जातात, आणि मधे एक गट उरतो ज्याच्यावरून आरएमओ (हॉस्पिटलात ड्युटीवरचे डॉक्टर), कन्सल्टंट, नातेवाईक सगळ्यांची ओढाताण होते, म्हणजे ॲडमिट करावं इतका आजारी दिसत नाही आणि घरी सोडायला मन धजत नाही. ऑब्झर्वेशन युनिट आहे ते याच पेशंटसाठी. ६ ते २४ तास, कॅज्युअल्टीच्याच डॉक्टरांच्या ताब्यात, ठरलेल्या प्रोटोकॉलनं.

हा लेख आरएमओ, सिस्टर-ब्रदर आणि मध्यम आकाराच्या हॉस्पिटलच्या मॅनेजमेंटसाठी लिहितोय. औषधांच्या मात्रा जिथे दिल्यात त्या मोठ्या माणसांच्या आहेत, लहान मुलांचं वेगळं सांगितलंय.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. बऱ्याच ठिकाणी "ऑब्झर्वेशनला ठेवलंय" याचा अर्थ एवढाच असतो की पेशंटला कोपऱ्यातल्या कॉटवर झोपवलं, सलाइन लावलं आणि सकाळी सर राउंडला आले की बघतील. हे ऑब्झर्वेशन नाही, ही नुसती वाट बघणं आहे, आणि याच वाट बघण्यात रात्री तीन वाजता पेशंट बिघडतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. पेशंट आत घेतानाच फाइलवर दोन ओळी लिहिलेल्या पाहिजेत: आपण कशाची वाट बघतोय, आणि किती वाजता ठरवणार. "ऑक्सिजन काढून सॅच्युरेशन टिकतंय का, रात्री ११ ला निर्णय." बास. या दोन ओळी लिहिता येत नसतील तर तो पेशंट एकतर घरी जायला हवा किंवा वॉर्डात.

जागा आणि माणसं

४ ते ६ बेडनं सुरुवात करा, कॅज्युअल्टीला लागूनच, वेगळ्या मजल्यावर नको. एका सिस्टरकडे ४-५ पेशंटच्या वर नको, आणि ती सिस्टर त्या शिफ्टला फक्त इथेच असली पाहिजे, ट्रायेजला (आलेल्या पेशंटच्या पहिल्या छाननीला) पळायचं आणि मधेच इकडे बघायचं असं चालत नाही. डॉक्टर पूर्णवेळ इथे बसला नाही तरी चालेल पण नाव ठरलेलं हवं, रात्रीचंसुद्धा.

हवेचं बघाच. श्वसनाच्या इन्फेक्शनचे पेशंट एका खोलीत जवळजवळ झोपवायचे आणि वर स्प्लिट एसी लावून खिडक्या बंद करायच्या, हे मी खूप ठिकाणी पाहिलंय आणि त्यानं मला खरोखर काळजी वाटते, कारण स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आणतच नाही, खोलीतलीच हवा गार करून परत फिरवतो. दोन बेडमधे कमीत कमी १ मीटर, जमलं तर जास्त, खिडकी उघडी, एक्झॉस्ट फॅन चालू, दारातच पेशंट आणि नातेवाईक दोघांनाही मास्क. जुन्या इमारतींत उंच छत आणि समोरासमोर खिडक्या असतात, त्याचा फायदा घ्या. एक तरी सिंगल रूम दार बंद होणारी ठेवा, ती कशाला ते पुढे येतंय.

२००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि त्यानंतर नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीसाठी ज्या रांगा लागल्या त्या अनेकांना आठवत असतील. २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्रातले पहिले कोविडचे पेशंटही पुण्यातच सापडले. या शहरात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे, टेस्टिंगची समज आहे, तरी गर्दी आली की पहिला ताण कॅज्युअल्टीवर येतो. म्हणून साथ नसतानाच ही व्यवस्था बसवून ठेवायची.

सामान फार लागत नाही: प्रत्येक बेडला ऑक्सिजन आणि सक्शन, पल्स ऑक्सिमीटर, निदान २ मल्टिपॅरा मॉनिटर (पल्स, बीपी, सॅच्युरेशन एकत्र दाखवणारे), ग्लुकोमीटर, ईसीजी, स्पेसर (पंपाला जोडायची नळी), पीक फ्लो मीटर (फुंकरीचा जोर मोजणारं), आणि क्रॅश कार्ट (इमर्जन्सीच्या औषध-सामानाची ट्रॉली) हाताशी. नेब्युलायझरचं किट ज्याचं त्यालाच, एकाचं काढून धुऊन दुसऱ्याला लावायचं नाही. ह्युमिडिफायरच्या बाटलीत नळाचं पाणी तर अजिबात नको, आणि कमी फ्लोवर, म्हणजे ४ लिटरपर्यंत, बहुतेकांना ती बाटली लागतही नाही. छातीची सोनोग्राफी बेडवर करता आली तर उत्तमच, पण मशीन पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदान रोखणाऱ्या) कायद्याखाली रजिस्टर झाल्याशिवाय आणायचं नाही, त्या कागदपत्रांना वेळ लागतो हे धरूनच चाला.

कोणाला ठेवायचं, कोणाला नाही

इथे दोन स्कोअर कामाला येतात आणि दोन्हींचं काम वेगळं आहे.

न्यूमोनिया वाटत असेल तर कर्ब-६५. पाच गोष्टी, प्रत्येकी एक मार्क: गोंधळलेपण, युरिया वाढलेला, श्वास मिनिटाला ३० किंवा जास्त, बीपी वरचं ९० च्या खाली किंवा खालचं ६० किंवा कमी, आणि वय ६५ किंवा पुढे. ० किंवा १ असेल तर साधारण घरी, २ आलं तर हॉस्पिटलचा विचार, ३ आणि पुढे म्हणजे गंभीर. आता युरियाची गंमत नाही, गोंधळ आहे: मूळ स्कोअरमध्ये लिटरमागे ७ मिलिमोलच्या वर असं आहे, आणि आपल्याकडच्या लॅब मिलिग्रॅममध्ये रिपोर्ट देतात, त्यातही काही "ब्लड युरिया" देतात आणि काही "बीयूएन", म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. युरिया असेल तर साधारण ४२ च्या वर, बीयूएन असेल तर १९ च्या वर, हा फरक भिंतीवर लिहून ठेवा. बीयूएनचा आकडा घेऊन ४२ शी तुलना केली तर गंभीर पेशंट हलका दिसतो.

दुसरा न्यूज-२, ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१७ मध्ये सुधारून दिलेला. यात श्वासाचा वेग, सॅच्युरेशन, ऑक्सिजन लागतोय का, बीपी, पल्स, शुद्ध आणि ताप असं सगळं येतं. ५-६ आला तर डॉक्टरनं लगेच येऊन बघायचं, ७ किंवा पुढे म्हणजे इमर्जन्सी, आणि एकाच गोष्टीला ३ मार्क पडले तरी डॉक्टरला हाक मारायची.

दोन्ही का लागतात ते उदाहरणानं सांगतो. समजा हडपसरहून ६२ वर्षांचे काका आलेत, डायबेटिस आहे, ४ दिवस ताप आणि खोकला, आज जिना चढताना धाप लागली. श्वास २४, सॅच्युरेशन साध्या हवेवर ९३, पल्स १०८, बीपी १२८/७६, ताप १०१ फॅरनहाइट, बोलणं एकदम व्यवस्थित, युरिया ३८. कर्ब-६५ काढलात तर शून्य! वय ६५ नाही, श्वास ३० नाही, बीपी चांगलं, युरिया आत. म्हणजे कागदावर घरी. पण न्यूज-२ काढा: श्वासाचे २, सॅच्युरेशनचे २, पल्सचा १, तापाचा १, एकूण ६. कर्ब-६५ मध्ये सॅच्युरेशन नाहीच आणि डायबेटिसही नाही, त्यामुळे असे काका त्यातून निसटतात. हेच काका ऑब्झर्वेशन युनिटचे खरे पेशंट.

तर ठेवायचं कोणाला: न्यूज-२ साधारण ३ ते ६, सॅच्युरेशन ९० ते ९४ च्या आसपास आणि १ ते ४ लिटरवर सुधारतंय, नेब्युलायझेशननंतर थोडं बरं वाटतंय पण पुरतं नाही, उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नाही, किंवा स्कोअर कमी आहे पण वय, डायबेटिस, हार्ट, किडनी असं काहीतरी मागे आहे. आणि अजून एक, जे कुठल्याही स्कोअरमध्ये नाही: घरी बघणारं कोणी नाही. पुण्यात हे फार आहे, कोथरूड-औंधला एकटे राहणारे आजी-आजोबा ज्यांची मुलं परदेशात, पीजीत राहणारी पोरं, लेबर कॅम्पवरचे कामगार. रात्रभर निरीक्षण करायला हे कारण पुरेसं आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

ठेवायचं नाही कोणाला: साध्या हवेवर ९० च्या खाली आणि ४ लिटर देऊनही वर येत नाही, श्वास ३० च्या वर, वरचं बीपी ९० च्या खाली, झोपाळलेला किंवा बडबडणारा, रक्तातलं लॅक्टेट (शरीराला ऑक्सिजन कमी पडल्याची खूण) वाढलेलं आणि परत केलं तरी उतरत नाही, दम्यात स्टेथोस्कोपनं छातीत हवेचा आवाजच येईनासा झालेला, एबीजीत (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत) पीएच ७.३५ च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइड चढलेला. हे वॉर्डाचेही नाहीत, एचडीयू (आयसीयूच्या खालोखाल लक्ष ठेवणारा विभाग) किंवा आयसीयूचे आहेत. बेड नाही म्हणून यांना ऑब्झर्वेशनला टाकायचं, हे कधीच करू नका. गरोदर बाईंना वेगळा नियम: सॅच्युरेशन ९५ च्या खाली गेलं तरी गंभीरपणे घ्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना आत घ्या, फ्लू त्यांना जास्त त्रास देतो, डिलिव्हरीनंतरचे २ आठवडेसुद्धा यातच धरायचे.

पहिला तास

श्वास मोजा. पूर्ण एक मिनिट, घड्याळ हातात घेऊन, पेशंटला न सांगता. चार्टवर सगळ्यांचा श्वास २० लिहिलेला असतो, आणि न्यूमोनियात सगळ्यात आधी बिघडणारी गोष्ट हीच असते. एवढी एक सवय सगळ्या टीमला लागली ना, तरी निम्मं काम झालं.

सॅच्युरेशन घेताना हात गार आहे का, नेलपॉलिश आहे का, मेंदी आहे का बघा, ऑक्सिमीटरच्या पडद्यावरची लहर नीट येईपर्यंत आकडा लिहू नका. सावळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो, म्हणून पेशंट दमलेला दिसतोय आणि आकडा ९५ आहे तर पेशंटवर विश्वास ठेवा.

ऑक्सिजन हे औषध आहे, लक्ष्य लिहून द्यायचं. बहुतेकांना ९४ ते ९८. सीओपीडीचा (श्वासनलिकांच्या जुनाट आजाराचा), कार्बन डायऑक्साइड साठणारा पेशंट असेल तर ८८ ते ९२, आणि ते बेडच्या डोक्याशी मोठ्या अक्षरात लावायचं, नाहीतर कोणीतरी प्रेमानं १० लिटर लावतं आणि पेशंट तासाभरात झोपाळतो.

मग ईसीजी, शुगर, एक्स-रे, सीबीसी, युरिया-क्रिएटिनिन, इलेक्ट्रोलाइट. पावसाळ्यात डेंगी विसरू नका, त्यातही छातीत पाणी होऊन दम लागतो आणि तिथे न्यूमोनिया समजून सलाइनच्या बाटल्या चढवल्या तर पेशंट बुडतो. दम लागलेला प्रत्येक जण इन्फेक्शनचा नसतो: हार्ट फेल्युअर, फुप्फुसातली गुठळी, शुगर प्रचंड वाढून आलेला खोल श्वास. २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रोड भागात जीबीएसचे (नसांवर परिणाम होऊन ताकद जाणाऱ्या आजाराचे) पेशंट आले तेव्हा पुण्यातल्या सगळ्यांनी शिकलेली गोष्ट, की हातापायात ताकद कमी आणि श्वास उथळ असेल तर छाती साफ असली तरी धोका आहे. एका श्वासात किती आकडे मोजता येतात बघा, २० पर्यंत पोचत नसेल तर हा पेशंट ऑब्झर्वेशनचा नाही. आणि घरी, गॅलरीत कबुतरं आहेत का हे विचाराच, खोकला आणि दम महिनोनमहिने चाललाय तर त्या विष्ठेची ॲलर्जीही असू शकते, ते अँटिबायोटिकनं जाणार नाही.

फ्लू वाटला तर स्वॅब घ्या पण रिपोर्टसाठी थांबू नका. दम, छातीत दुखणं, थुंकीतून रक्त, गुंगी, बीपी कमी, नखं निळी, ही केंद्र सरकारच्या वर्गवारीतली सी कॅटेगरी, हॉस्पिटलमध्येच. वय जास्त, गरोदर, डायबेटिस, हार्ट, फुप्फुस, किडनीचा आजार असेल तर ओसेल्टामिविर ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा ५ दिवस. पहिल्या ४८ तासांत सगळ्यात चांगलं पण तब्येत खालावत असेल तर नंतरही देतात, किडनी बिघडलेली असेल तर मात्रा कमी.

न्यूमोनिया असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस युनिटमध्ये जायच्या आधी. ब्लड कल्चर पाठवायचं असेल तर त्याच्याही आधी. कुठलं द्यायचं हे तुमच्या हॉस्पिटलच्या पॉलिसीप्रमाणे, साधारण अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह किंवा सेफ्ट्रिॲक्सोन, गरज वाटली तर सोबत ॲझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सी. पण लेव्होफ्लॉक्सासिन पटकन देऊ नका. टीबीवर ते अर्धवट काम करतं, पेशंटला दोन-चार दिवस बरं वाटतं आणि निदान आठवडे लांबतं. आपल्या देशात हा साधा मुद्दा नाही.

त्यावरूनच ती सिंगल रूम. खोकला २ आठवड्यांच्या वर, वजन घटलेलं, रात्री घाम, थुंकीत रक्त, किंवा एक्स-रेत वरच्या भागात पॅच, तर पेशंट त्या खोलीत, मास्क घालून, थुंकी सीबीनॅट किंवा ट्रूनॅटला (टीबीच्या जलद तपासण्या). आणि पॉझिटिव्ह आली तर निक्षयवर (सरकारच्या टीबी पोर्टलवर) नोंद, ती खासगी हॉस्पिटललाही बंधनकारक आहे.

ताप-खोकला नुसता व्हायरल असेल, छाती साफ असेल, तर अँटिबायोटिक नको. नातेवाईक मागतात, सलाइनही मागतात, "डॉक्टर, निदान एक बाटली तरी लावा, अशक्तपणा आलाय." तेव्हा दोन मिनिटं थांबून सांगायचं की काका पाणी पितायत, जेवतायत, बाटलीनं छातीवरचा भार वाढू शकतो. नीट सांगितलं तर लोक ऐकतात, माझा तरी तसाच अनुभव आहे.

दमा आणि सीओपीडीचं थोडं वेगळं

ऑब्झर्वेशन युनिटचा सगळ्यात जास्त फायदा कोणाला होत असेल तर यांना, कारण औषधाला उत्तर येतंय का हे काही तासांतच कळतं. पहिल्या तासात साल्ब्युटामॉल दर २० मिनिटांनी ३ वेळा, सोबत इप्राट्रोपियम. साथीच्या दिवसांत शक्य तिथे नेब्युलायझरऐवजी पंप आणि स्पेसर, ४ ते १० पफ, नीट दिले तर तेवढंच चांगलं काम करतात आणि खोलीत थेंब उडत नाहीत. स्टेरॉइड पहिल्याच तासात: प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम तोंडानं, पोटात राहत असेल तर इंजेक्शनची गरज नाही, साधारण ५ दिवस. दम्यात एवढ्यानं भागलं नाही तर मॅग्नेशियम २ ग्रॅम शिरेतून २० मिनिटांत. सीओपीडीच्या पेशंटला नेब्युलायझर ऑक्सिजनवर न लावता हवेच्या मशीनवर लावा आणि ऑक्सिजन प्रॉंग्सनं (नाकातल्या नळ्यांनी) वेगळा द्या. कफ पिवळा-हिरवा आणि जास्त झाला असेल तरच अँटिबायोटिक.

स्टेरॉइड मात्र प्रत्येक दम लागलेल्याला नको, दम्याचा-सीओपीडीचा इतिहास नाही आणि फ्लूचा संशय आहे तर थांबा. डायबेटिस असलेल्याला दिलंत तर शुगरचा चार्ट त्याच क्षणी सुरू करा, दुसऱ्या दिवशी ४०० शुगर घेऊन तो परत येतो.

पुढचे तास: बघायचं म्हणजे काय बघायचं

पहिले ४ तास दर तासाला पूर्ण न्यूज-२, पुढे सुधारत असेल तर दर २ ते ४ तासांनी. स्कोअर २ नं वाढला की सिस्टर डॉक्टरला फोन करणार आणि डॉक्टर येऊन बघणार, फोनवर ऑर्डर नाही. हे लेखी ठेवा, म्हणजे नवीन सिस्टरला रात्री फोन करताना संकोच वाटत नाही.

पहिला निर्णय ४ ते ६ तासांनी. सुधारतोय, आहे तसाच आहे, की बिघडतोय? बिघडत असेल तर लगेच वर, म्हणजे वॉर्डात किंवा आयसीयूत, पाठवा, "अजून एक नेब्युलायझेशन बघू" यात वेळ घालवू नका. तसाच असेल तर निदान परत तपासा, पहिला एक्स-रे कोरडेपणामुळे साफ दिसतो आणि पाणी गेल्यावर पॅच दिसायला लागतो असं होतं. दुसरा निर्णय १२ तासांच्या आसपास, आणि २४ तासांना शेवटचा. त्यापुढे ठेवायचं नाही, घर किंवा वॉर्ड.

आपल्या हडपसरच्या काकांचं बघा. फाइलवर लिहिलं: "२ लिटर ऑक्सिजन, रात्री ११ ला काढून बघणार, सकाळी ७ ला चालवून निर्णय." एक्स-रेत उजवीकडे खाली पॅच, कल्चर गेलं, अँटिबायोटिकचा पहिला डोस साडेसहाला, फ्लूचा स्वॅब आणि ओसेल्टामिविर, पॅरासिटामॉल, शुगर २६० म्हणून इन्सुलिन. ११ वाजता ऑक्सिजन काढला, अर्ध्या तासानंतरही ९४, श्वास २०. सकाळी चालवलं, ९३, दम नाही, उपमा खाल्ला. हे काका घरी जाऊ शकतात. पण ११ ला ऑक्सिजन काढल्यावर ८९ वर आले असते तर त्याच वेळी वॉर्डात, सकाळची वाट न बघता. वेळ आधीच लिहिली होती म्हणून हे सोपं झालं.

शिफ्ट बदलताना ओव्हर बेडजवळच द्यायचा, फाइल हातात घेऊन. त्यात न्यूजचा शेवटचा आकडा, कशाची वाट बघतोय आणि पुढचा निर्णय किती वाजता, एवढं तोंडानं बोललंच पाहिजे. रात्रीच्या ओव्हरला डॉक्टरनंही उभं राहावं.

लहान मुलं

मुलांसाठी वेगळा कोपरा, वेगळी सिस्टर, आणि बालरोगतज्ज्ञ फोनवर नाही तर प्रत्यक्ष येऊ शकणारे, हे नसेल तर मुलांना ठेवू नका. श्वास जलद कशाला म्हणायचं याचे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे पाठ हवेत: २ महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, २ ते १२ महिने ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त.

बाळांच्या ब्रॉन्किओलायटिसमध्ये (बारीक श्वासनलिकांच्या सुजेत) औषधांचं काम कमी आणि बघण्याचं जास्त: नाक साफ करणं, गरज असेल तर ऑक्सिजन, आणि नेहमीच्या किती टक्के दूध पितंय. निम्म्याहून कमी पीत असेल तर घरी नाही. क्रूपचा, म्हणजे कुत्रं भुंकल्यासारख्या खोकल्याचा पेशंट तर ऑब्झर्वेशनसाठीच असतो: डेक्सामेथासोनचा एक डोस, त्रास जास्त असेल तर ॲड्रेनलिनचं नेब्युलायझेशन, आणि त्यानंतर ३-४ तास बघणं भागच आहे कारण ॲड्रेनलिनचा असर उतरला की श्वास घेतानाचा घरघर आवाज परत येऊ शकतो. आईला बाळापासून दूर करू नका, रडलं की श्वास अजून अडतो. खोकल्याची सिरप ५ वर्षांखालच्या मुलांना लिहून देऊ नका.

घरी सोडताना

ताप १०० च्या आसपास किंवा खाली, पल्स १०० च्या आत, श्वास २४ च्या आत, वरचं बीपी ९० च्या वर, ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन टिकतंय, तोंडानं खातोय, शुद्ध नेहमीसारखी. हे सगळं जमलं की चालवून बघा. कोविडच्या काळात आपल्याकडे घराघरांत ६ मिनिटं चालायची टेस्ट झाली, तीच वापरा, वय ६० च्या पुढे असेल तर ३ मिनिटं. सॅच्युरेशन ३ टक्क्यांहून जास्त पडलं किंवा दम लागून थांबावं लागलं तर घरी नाही. दम्याच्या पेशंटचा पीक फ्लो स्वतःच्या बेस्टच्या ७५ टक्क्यांवर हवा, आणि शेवटच्या नेब्युलायझेशननंतर निदान तासभर टिकलेला.

गोळीचा पहिला डोस युनिटमध्येच, आमच्यासमोर. पंप कसा घ्यायचा ते पेशंटनं आपल्याला करून दाखवायचं, आपण दाखवून उपयोग नाही. कागद मराठीत, मोठ्या अक्षरात: सॅच्युरेशन ९२ च्या खाली, बोलताना धाप, छातीत दुखणं, गुंगी, ताप ३ दिवसांत न उतरणं किंवा उतरून परत चढणं, यातलं काही झालं तर लगेच या, ॲम्ब्युलन्ससाठी १०८. सीओपीडीवाल्यांना त्यांचा स्वतःचा आकडा लिहून द्या, ९२ नको. मध्यरात्री सोडायचं नाही, मुळशी-वेल्ह्याचा पेशंट रात्री २ वाजता कसा जाणार? दुसऱ्या दिवशी फोन, २-३ दिवसांत दाखवायला. राहिलेले कल्चर आणि स्वॅबचे रिपोर्ट कोण बघणार आणि कोण कळवणार त्याचं नाव फाइलवर. सिगारेट, मशेरी, चूल याबद्दल त्याच वेळी बोला, दमानं घाबरलेला माणूस तेव्हा खरंच ऐकतो, आणि बरं झाल्यावर दरवर्षीची फ्लूची लस घ्यायला सांगा.

पैशाचं आधी बोला

बहुतेक मेडिक्लेम पॉलिसीत ॲडमिशन सलग २४ तासांचं लागतं, ठरावीक डे-केअर प्रोसिजर सोडून. ऑब्झर्वेशन त्यात बसत नाही आणि हे डिस्चार्जच्या वेळी कळलं की भांडण होतं, आणि नातेवाईकांचंही चुकत नाही. आत घेतानाच सांगा: अंदाजे खर्च किती, क्लेम मिळण्याची शक्यता कमी का, आणि पुढे वॉर्डात गेलं तर काय बदलतं. क्लेमसाठी कोणी "२४ तास पूर्ण करा" म्हटलं तरी मेडिकल कारण नसताना ठेवायचं नाही. आणि उलटही तितकंच, पैसे भरलेले नाहीत म्हणून इमर्जन्सीत उपचार थांबवायचे नाहीत, जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे असं सुप्रीम कोर्टानं १९८९ च्या परमानंद कटारा निकालात स्पष्ट केलंय.

दर महिन्याला काय मोजायचं

किती पेशंट ठेवले, किती घरी गेले, किती वॉर्डात, किती आयसीयूत. ७२ तासांत परत आलेले किती, २४ तासांच्या वर राहिलेले किती, अँटिबायोटिकचा पहिला डोस किती वेळात गेला. माझा अंदाजपंचे नियम असा: जवळपास सगळेच घरी जात असतील तर तुम्ही फार हलके पेशंट ठेवताय आणि त्यांचा पैसा-वेळ घालवताय, आणि एक तृतीयांशाहून जास्त वर जात असतील तर फार आजारी पेशंट आत घेताय. आयसीयूत गेलेला प्रत्येक पेशंट आणि परत आलेला प्रत्येक पेशंट, याची फाइल सिस्टरसकट बसून वाचा, दोष द्यायला नाही, त्या दोन ओळी लिहिल्या होत्या का आणि ठरलेल्या वेळेला कोणी आलं का एवढंच बघायला.

नवीन सुरू करत असाल तर जूनच्या आधी करा, पावसाळ्याच्या गर्दीत प्रोटोकॉल शिकवता येत नाही. पहिल्यांदा फक्त दोनच आजार घ्या, मोठ्या माणसांचा न्यूमोनिया आणि दमा-सीओपीडी, त्याचा एकपानी चार्ट प्रत्येक बेडला अडकवा, आणि टीमचा हात बसल्यावरच फ्लूचा, मग मुलांचा प्रोटोकॉल जोडा.